कोंडलेल्या माणसाचं सोंग

"काका, पात्राच्या आत शिरावं लागतं," असं म्हणत तो स्वतःच्या कपाळावर बोटानं टकटक करायचा. आत कुणी असलंच तर दार उघडेल, असं मला वाटायचं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हा पोरगा काळेवाडीत आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. चाकणच्या एका कंपनीत बरीच वर्षं कंत्राटी. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मिळालं की साहेब आपल्याला परमनंट करणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पूर्वी नाटकवाल्यांना कंपन्या ठेवून घेत, हे खरं. तो जमाना गेला, हे मी त्याला सांगितलं नाही. मूर्खापुढं तोंड कशाला वाजवायचं?

नाटकातला त्याचा माणूस म्हणजे बढती हुकलेला, बायको गेलेला प्रेस ऑपरेटर. माझी सगळी नोकरी पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर गेलेली आणि आमची ही नुकतीच वारलेली. त्याला आयतंच सापडलं. वही घेऊन समोर बसायचा.

"काका, फ्रस्ट्रेशन आलं की तुम्ही काय फेकायचात?"

"तुला फेकीन आता."

तेही त्यानं लिहून घेतलं.

प्रयोगाला गेलो. पठ्ठ्यानं एका हातानं प्रेसचं बटण दाबलं आणि दुसऱ्यानं छाती बडवली. मग घरी येऊन बायकोच्या फोटोसमोर ताट भिरकावलं. टाळ्या पडल्या. मला शिसारी आली.

बाहेर गाठला त्याला. "अरे, प्रेसला बटणं दोन असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती चालत न्हाई, हात आत सापडू नये म्हणून. तिथं जन्म काढलेल्या माणसाचा राग हातात येतच न्हाई. आला की बोटं गेली. तो राग मानेत जातो, जबड्यात जातो. मी चिडलो की ताटाच्या दोन बाजूंना दोन हात ठेवून गप बसायचो. ही ओळखायची. म्हणायची, मशीन बंद करा, भाकरी गार होतीय. आणि ताट फेकलंस, ते उचलायला कोण येणार व्हतं?"

"हे आधी का नाही सांगितलंत, काका?"

"तू फेकायचंच इचारलंस."

बक्षीस त्यालाच मिळालं. परीक्षकांनी प्रेस पाहिली नसावी. साहेबांनी हार घातला, फोटो काढला, आणि पुढच्याच महिन्यात त्याचं कंत्राट संपवलं.

त्या दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. कपाळाला बोट लावलं नाही. "काका, तुम्ही म्हणालात तसं केलं असतं, तर ठेवलं असतं का हो मला?"

"न्हाई. कसंबी केलं असतंस तरी न्हाई."

त्यानं मान हलवली आणि वर गेला. सकाळी खोलीला कुलूप होतं.

ही असती तर तिनं त्याला आधी जेवायला बसवलं असतं, आणि मग धडधडीत खोटं बोलली असती. मला दोन्ही जमलं नाही.