लेम्पीच्या दोरीवरचा जाळीचा गंजीफ्रॉक

उत्तर फिनलंडमधल्या कूसिवारा गावात कुणाच्या घरात काय चाललंय हे दारातून कळत नाही, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून कळतं. जानेवारीत कपडे आधी फळीसारखे कडक होतात, मग दोन-तीन दिवसांनी आपोआप कोरडे. तेवढ्या वेळात अख्खं गाव ते वाचून काढतं. त्यामुळे लेम्पीच्या दोरीवर जेव्हा पुरुषाचा जाळीचा गंजीफ्रॉक लटकला, तेव्हा दुकानवाल्या हेल्वीनं दुकान अर्धा तास आधी उघडलं. एवढी बातमी बंद दाराआड ठेवायची म्हणजे पाप!

लेम्पी एकाहत्तर वर्षांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि तो होता दारात मावत नसे असा. हा गंजीफ्रॉक तर अगदी लहान मापाचा.

"गावात एवढ्या मापाचा पुरुष एकच," हेल्वी कॉफी ओतता ओतता म्हणाली. "पोस्टमन आउलिस."

आउलिस विधुर, एकोणसत्तरीचा, आणि उभा राहिला तर काउंटरवरून त्याची फक्त टोपी दिसे. शिवाय डिसेंबरात लेम्पीकडे सीमेपलीकडून, नॉर्वेतून, एक मऊ पुडकं आलं होतं. ते स्वतः आउलिसनंच पोचवलं होतं, आणि आत कॉफीला चांगला तासभर बसला होता. आणखी काय पुरावा हवा?

लेम्पीच्या कानावर हे सगळं आलं. तिनं खुलासा केला नाही. तिला दुसरंच काम होतं.

त्याचं असं झालं होतं. शेहेचाळीस हिवाळे लेम्पी स्नोमोबाइलवरून डोंगरात जायची आणि रेनडिअरचे कळप हाकत कुंपणापर्यंत आणायची. मागच्या वर्षी मात्र ती अर्ध्या वाटेतच अशी कुडकुडायला लागली, की तिला घरी पोचवायला एक माणूस सोडावा लागला. यंदा रेनडिअरवाल्यांच्या मंडळाच्या बैठकीत प्रमुख यालमारी उभा राहिला. हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पन्नाशीचा, खांद्यांनी अस्वल.

"मावशी, यंदा तू कुंपणापाशी थांब. रश्शाचं पातेलं सांभाळ. मान मोठा आहे."

"मान मोठा आहे तर तूच घे की."

"मावशी, वय—"

"वयाचं मला सांगू नकोस. तुझी पहिली लंगोटी मी बदललीय. पहिला दिवस मला दे. कुडकुडले, तर जन्मभर पळी हातात धरीन. नाही कुडकुडले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

यालमारीनं सगळ्यांदेखत हो म्हटलं.

मागच्या वर्षी थंडी वयानं वाजली नव्हती, हे फक्त लेम्पीला ठाऊक होतं. मुलीनं हेलसिंकीहून आतून घालायला सुती, गुबगुबीत कपडे पाठवले होते. मायेनं पाठवले, म्हणून मायेनं घातले. वाटेत गाडी रुतली, उपसताना घाम आला, सुतानं तो पिऊन घेतला, आणि पुढचे वीस किलोमीटर वाऱ्यात ती ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखी बसली. शेहेचाळीस हिवाळे डोंगरात काढलेल्या बाईनं करावी अशी ती चूक नव्हती, म्हणून तिनं ती कुणाला सांगितलीही नाही.

यंदा तिनं मायेबियेला बाजूला ठेवलं. या कामाची गंमतच अशी, की माणूस तासभर हलत नाही आणि वारा खातो, मग अचानक फावडं घेऊन घोड्यासारखा राबतो, आणि पुन्हा पुतळ्यासारखा बसतो. अंगालगतच्या कपड्याला दोन्ही जमायला हवं. तिनं आधी दोन जाड लोकरी सदरे घातले, अंगणात तासभर लाकडं फोडली: पाठ भिजली, आणि बाह्या मनगटाला अशा आवळल्या की बोटं बधिर झाली. दुसऱ्या दिवशी एकच पातळ लोकर: लाकडं फोडताना मजा, पण गाडी तळ्यावर नेऊन वाऱ्यात अर्धा तास बसली तेव्हा दात वाजले. तिसऱ्या दिवशी अंगाला लागून नॉर्वेच्या पुडक्यातली जाळी, वर पातळ लोकर. जाळीच्या भोकांत ऊब साचून राहिली, आणि घाम अंगाला न चिकटता लोकरीत निघून गेला. अर्ध्या तासाचे दोन तास झाले तरी लेम्पी तळ्यावर मजेत बसून होती.

हेल्वीनं खिडकीतून पाहिलं. "आउलिसची वाट बघतेय," तिनं जाहीर केलं.

कळप आणायच्या पहिल्या दिवशी पारा उणे अठ्ठावीसवर होता. निघताना लेम्पीला थोडी थंडी वाजत होती, आणि ती खूश होती. निघतानाच ऊब वाटली तर वाटेत उकडणार, हा तिचा हिशेब. यालमारी मात्र दोन जाड लोकरी सदरे, वर स्वेटर, वर जाडजूड कोट अशा थाटात शेगडीसारखा धगधगत आला. गाल लालबुंद.

"मावशी, आताच गारठलीस? घरी सोडू?"

"आधी तुझ्या कपाळावरचं पूस," लेम्पी म्हणाली. मग घरात जाऊन तिनं काहीतरी आणलं आणि गाडीच्या बैठकीखालच्या डब्यात कोंबलं.

मोठ्या तळ्यावर वरून कोरडा दिसणारा बर्फ दगा देऊन गेला. खाली पाणी होतं; यालमारीची गाडी त्या लगद्यात पोटापर्यंत बसली. लेम्पीनं फावड्याला हात लावण्याआधी कोट काढून बैठकीवर टाकला. यालमारी तसाच, गळ्यापर्यंत बंद, खणत सुटला. अर्ध्या तासानं गाडी निघाली तेव्हा त्याच्या कॉलरमधून वाफ येत होती.

"कोट उघड. दहा मिनिटं थांबू," लेम्पी म्हणाली.

"दमलीस वाटतं?" असं म्हणून त्यानं गाडी सोडलीसुद्धा.

लेम्पी थांबली. अंग कोरडं झाल्याची खात्री झाल्यावर कोट चढवला, आणि मग निघाली. डोंगराच्या पायथ्याशी पोचली तेव्हा यालमारी गाडीला टेकून उभा होता. कळप वर दिसत होता, पण याचा अंगठा गाडीचा खटका दाबेना. हनुवटी थडथडत होती.

"क-कळप..."

"कळप कुठं जात नाही. काढ सगळं."

"इथं?"

"लंगोटी बदललीय म्हटलं ना? काढ!"

तिनं डब्यातून नवऱ्याची पातळ लोकरी बंडी काढली. सकाळी ते लाल गाल पाहूनच ती घेतली होती. यालमारीनं उड्या मारत ओलं काढलं, कोरडं घातलं. बंडी त्याला बेताची बसली. त्याच्या कॉफीसाठी आग पेटवायला लेम्पी वाकली, तेव्हा तिच्या उघड्या कोटातून, लोकरीच्या गळ्याशी, जाळी डोकावली.

यालमारी थडथडायचा थांबला. "मावशी! तो गंजीफ्रॉक तुझा?"

"मग कुणाचा वाटला?"

"म्हणजे... आउलिस..."

लेम्पी इतकी हसली की वरचे दोन रेनडिअर मान वळवून बघायला लागले. मग ती गाडीवर बसली, उजवीकडून वर चढली, आणि एकटीनं दीडशे जनावरं त्याच्यासमोरून खाली उतरवली.

कुंपणापाशी सगळे जमले होते. लेम्पीचा चेहरा लाल, हात गरम, आवाज नेहमीपेक्षा मोठा. यालमारीनं कुणी विचारायच्या आत पळी उचलली आणि पातेल्यापाशी जाऊन उभा राहिला.

"मी आज आगीजवळ बरा," तो म्हणाला. "उद्या वरची बाजू मावशीची. परवाही." आणि पहिला वाडगा तिला वाढला.

दोन आठवड्यांनी यालमारीच्या दोरीवर एक जाळीचा गंजीफ्रॉक दिसला, चादरीएवढा. गावाला खरं काय ते कळलं, आणि हेल्वी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी आउलिसच्या दोरीवरही एक लटकला, अगदी लहान मापाचा. पोस्टमन तर कधी डोंगरात जात नाही! पण एवढी चांगली बातमी उगाच खोटी पडावी, हे बहुधा त्याला बघवलं नसावं.

लेम्पीनं तो पाहिला. तिच्या दोरीवरचा केव्हाच वाळला होता. तिनं तो आणखी एक दिवस तसाच राहू दिला.