केशरबाईंना काय ऐकायचं होतं

रबाळ्याच्या एका कर्णयंत्र केंद्रात क्रांती खिल्लारे आठ वर्षं काम करत होती. कान तपासायचा, यंत्र बसवायचं, वापरायचं कसं ते समजावायचं आणि सही घ्यायची, की झालं. तिच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती.

म्हणून तुर्भ्याच्या केशरबाई तिसऱ्यांदा यंत्र परत घेऊन आल्या तेव्हा तिला ते लागलं. यंत्रात दोष नव्हता. सवय नाही, होईल हळूहळू, असं व्यवस्थापक अरविंद सर म्हणाले. क्रांतीला मात्र राहवेना. सुटीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन ती केशरबाईंच्या घरी गेली.

घर रस्त्याला लागून. दाराशी ट्रक मागेपुढे होत होते, शेजारी कुणी पत्रा कापत होतं. केंद्रातल्या बंद खोलीत नीट चालणारं यंत्र इथे नुसता गोंगाट कानात ओतत होतं. क्रांतीने लॅपटॉप बाजूला ठेवला. मग कानाशी वाकून तिने आठ वर्षांत कुणालाच न विचारलेलं विचारलं, "मावशी, तुम्हाला काय ऐकायचंय?"

केशरबाईंनी सुनेकडे पाहिलं. "हिचं बोलनं. माज्यासाठी वरडून बोलती बिचारी. गल्लीला वाटतं आमचं भांडन हाय. कदी कदी मलाबी वाटतं."

सून दीक्षा ओशाळली. क्रांतीने तिला समोर बसवून साध्या आवाजात बोलायला सांगितलं आणि यंत्र लॅपटॉपला जोडून त्यातला एकेक आवाज कमीजास्त करत गेली. कुठे थांबायचं ते केशरबाई सांगत होत्या. यंत्र कधी घालायचं, कधी काढून ठेवायचं, तेही तिघींनी मिळून ठरवलं. पुढे पंधरा दिवस दीक्षाने कुठे त्रास होतो ते टिपून ठेवलं, आणि त्यावरून क्रांतीने यंत्र आणखी दोनदा जुळवलं. एका संध्याकाळी केशरबाई सुनेला म्हणाल्या, "हळू बोल गं. येतंय ऐकू."

असं सुटीत ग्राहकाच्या घरी जाणं अरविंद सरांना पटलं नव्हतं. पण क्रांती प्रत्येकालाच तो प्रश्न विचारू लागली आणि यंत्रं परत येणं कमी झालं, तेव्हा त्यांनीच तो नोंदणीच्या अर्जावर छापून घेतला.

परवा केशरबाई यंत्राचे सेल घ्यायला केंद्रात आल्या होत्या. बाकावर कमळाकर नावाचे निवृत्त कारकून नवं यंत्र हातात धरून अवघडून बसले होते. बाई आपणहून त्यांच्या शेजारी बसल्या.

"पयलं घरात घाला, शांत असताना. मंग रस्त्यावर," त्या म्हणाल्या. "आन् काय ऐकायचंय ते या पोरीला सांगा. न सांगता तिला तरी कसं कळनार?"