पहिलं फळ दाखवायचं

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, १९८४. कल्याणहून माळशेजच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाऊन परत, या सहलीचा दुसरा दिवस. हजर: कॅप्टन, सावंत, त्यांची बायको नलूवहिनी, माजिवड्याचा दिनेश आणि मी. गैरहजर: दिवा स्टेशनचे कुलकर्णी. त्यांच्या चाळीत त्या दोन दिवसांत कधीतरी पाणी येईल असा संभव होता.

कॅप्टन नेहमी सगळ्यांच्या मागे सायकल चालवायचे. नाव कॅप्टन आणि जागा शेपटाला. नवा माणूस हटकून विचारायचा, "तुम्ही पुढे का नाही?" त्यावर ठरलेलं उत्तर होतं, "पुढे राहिलो तर तुम्ही पंक्चर होऊन कुठे बसलात ते मला कोण सांगणार?" ते रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, राहायला ठाकुर्लीला, एका बैठ्या चाळीतली शेवटची खोली. लष्कराशी काही संबंध नाही. गळ्यात शिट्टी असायची, एवढ्यावरून दिनेशने हे नाव ठेवलं आणि ते त्यांना आवडलं.

सहलीचं सामान, मुक्काम, वेळा हे खातं माझ्याकडे होतं, आणि माझ्या वेळा कुणी बिघडवत असेल तर ते कॅप्टन. वाटेत आठवडे बाजार दिसला की शिट्टी वाजायची. सायकली झाडाला टेकवायच्या आणि बाजारात शिरायचं. तिथे त्यांचा एक नियम होता. पहिल्या फेरीत पिशवी काढायची नाही. हात पाठीमागे बांधून, मुंडी खाली घालून, सगळा बाजार एकदा नुसता बघायचा. "आधी बघून घ्या कोण काय घेऊन बसलंय," ते म्हणायचे. "पिशवी दिसली की माणूस भाव सांगतो. रिकाम्या हातांशी तो बोलतो."

आणि बोलून बोलून गाडी यायची ती बियाण्यावर. त्यांच्या चाळीमागे, तारेच्या कुंपणालगत, चार पावलांची पट्टी होती. तिथे तेलाच्या डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत ते कुठल्या कुठल्या बाजारातले वेल वाढवायचे. कडवे वाल, शिराळी, एक पांढरी कारली. शेजारी म्हणायचे, रेल्वेचं कुंपण दिसेनासं झालं, एक दिवस साहेब येऊन विचारेल कुंपण कुठे गेलं.

त्या रविवारचा बाजार मुरबाडच्या पुढचा. पहिल्या फेरीत मी त्यांच्या मागे होते. सावंत आणि नलूवहिनी सायकलींपाशी थांबले होते. एका टोकाला, बैलगाड्यांच्या सावलीत, एक म्हातारी बसली होती. पुढ्यात फडक्यावर थोडी हिरवी मिरची, आणि बाजूला एकच तवसं. तवसं म्हणजे ती मोठी पावसाळी काकडी. हे पिकून पिवळं-तांबूस झालेलं, सालीवर जाळी धरलेलं.

"केवढ्याला, मावशी?" दिनेशने विचारलं.

"ह्ये इकाया नाय."

"मग बाजारात आणलं कशाला?"

"मानूस बगाया आनलंय," म्हातारी म्हणाली.

दिनेश हसायला लागला. कॅप्टन तिच्यासमोर उकिडवे बसले. मग हळूहळू कळलं ते असं. हे तवसं तिच्या सासूच्या हातचं. दर साली एक फळ वेलावर पिकू द्यायचं आणि त्याचं बी धरायचं. आता दोन्ही मुलगे भिवंडीला मागावर कामाला, तिला गुडघ्यांमुळे मांडव घालवत नाही. हे शेवटचं फळ. घरात ठेवलं तर बी तिथेच संपणार होतं. आणि त्यांच्यात तवशाचं बी विकत नाहीत. मागेल त्याला द्यायचं. घेणाऱ्याने पुढच्या साली पहिलं फळ देणाऱ्याला आणून दाखवायचं, एवढीच अट.

"मला द्या," कॅप्टन म्हणाले. "आणून दाखवीन."

"समदे आसंच म्हंत्यात," म्हातारी म्हणाली. पण तवसं उचलून तिने त्यांच्या हातात दिलं, आणि दिल्यावरही तिचा हात थोडा वेळ त्यावर राहिला.

सावंतांचं कॅरिअर रुंद होतं, म्हणून तवसं त्यांच्या पिशवीत गेलं. पुढच्या वळणावर माझं मागचं चाक बसलं. कॅप्टन, दिनेश आणि मी मागे राहिलो. सावंत जोडपं जेवणाची जागा धरायला पुढे नदीकाठी गेलं.

आता नलूवहिनी मालवणच्या. पिकलेल्या तवशाचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. साल काढायची, मधलं बी खरवडून टाकायचं, आणि गराचं काहीतरी चांगलं करायचं. मीठ आणि दाण्याचं कूट त्यांच्या डब्यात कायम असायचं. आम्ही पोहोचलो तेव्हा स्टीलच्या डब्यात कोशिंबीर तयार होती, आणि उतारावर दोन शेळ्या काहीतरी मन लावून खात होत्या.

"जून होतं, पण गोड निघालं," वहिनी म्हणाल्या.

मीच त्यांना म्हातारीचं सगळं सांगितलं. "अहो, मला काय माहीत," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. सावंतांनी शेळ्यांच्या दिशेने चप्पल फेकली, ती नदीत गेली.

कॅप्टन डब्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मीठ घातलंत?"

"घातलं."

"मग वाढा. ते तर आता परत जोडता येत नाही." आणि बसता बसता म्हणाले, "वहिनी, तुम्ही बरोबरच केलंत. काकडी दिसली, कापली. सांगायला मी हवं होतं."

जेवण उरकून आम्ही पाचजण त्या गवतात गुडघ्यांवर उतरलो. दिनेश म्हणाला, "कॅप्टन, शेळीच बरोबर घेऊ या ना. उद्यापर्यंत बी परत देईल." यावर वहिनी रडता रडता हसल्या. गवतात काहीच नव्हतं. बी सापडलं ते वहिनींनी साली गुंडाळून ठेवलेल्या कागदात, सालींना चिकटून राहिलेलं, चिमूटभर. कॅप्टननी ते नदीत धुतलं, रुमालावर पसरलं, आणि परतीचा सगळा रस्ता तो रुमाल हँडलवर पसरून, एका हाताने धरून, सायकल चालवली. त्या दिवशी प्रथमच ते सगळ्यांच्या पुढे होते. धूळ लागू नये म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात त्यातलं बरंचसं बी रुजलंच नाही. एक वेल कुंपणावर चढला. नलूवहिनी दर रविवारी डोंबिवलीहून ठाकुर्लीला चालत यायच्या, वेल बघायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. एक फळ धरलं. कॅप्टननी त्याला आपल्या जुन्या बनियनची झोळी बांधली. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचे, "दुसऱ्याचं आहे, सांभाळायला दिलंय."

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा त्याच बाजारात गेलो. या वेळी मी पिशवीवर मोठ्या अक्षरांत "कापू नये" लिहिलेलं होतं. वहिनींनी ते वाचलं आणि माझ्याशी दोन तास बोलल्या नाहीत. पहिल्या फेरीचा नियम मोडून कॅप्टन सरळ बैलगाड्यांकडे गेले. म्हातारी होती. तिने त्यांना ओळखलं नाही, पण तवसं ओळखलं. बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, देठाशी वास घेतला.

"बारीक झालंय."

"ठाकुर्लीचं पाणी, मावशी."

"पानी न्हाय, माती," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसती हसत राहिली. बाजूच्या बायकांना दाखवलं. तवसं परत देताना म्हणाली, "आता वाटा. माज्या डोळ्यांनी बगितलं, झालं माजं."

कॅप्टननी तिथेच, तिच्यासमोर, वहिनींना विचारलं, "मागता का?" वहिनींनी पदर पुढे केला.

त्यानंतरची वर्षं ते तवसं पसरत गेलं. नलूवहिनींच्या माहेरी, दिनेशच्या काकांच्या वाडीत, कुलकर्ण्यांच्या दिव्यातल्या गच्चीवरसुद्धा, पाणी येईल त्या दिवशी. दरेकाने पहिलं फळ ठाकुर्लीला आणून दाखवायचं. कॅप्टन ते ठोकून बघायचे आणि प्रत्येकाला तेच सांगायचे, "बारीक झालंय."

मी सगळ्यांत शेवटी मागितलं. माझी जागा चौथ्या मजल्यावरची गॅलरी. वेल यायचा, फुलं यायची आणि गळून जायची. तोवर कॅप्टन मुलीकडे नाशिकला राहायला गेले होते. मी फोनवर तक्रार केली तेव्हा म्हणाले, "एवढ्या वर मधमाश्या येत नाहीत. मग तुम्ही माशी व्हा." नर फुलातली पिवळी पूड मादी फुलावर कशी लावायची, ते त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. वर म्हणाले, "सकाळी लवकर. आणि नीट. तुम्ही सगळं नीटच करता म्हणा."

ते मागच्या फाल्गुनात गेले. यंदा मी मुलाच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन रोज सकाळी गॅलरीत उभी राहिले. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी काय समज करून घेतला असेल ते असो. एक फळ धरलं. आता ते पिवळं पडलंय, सालीवर जाळी आलीय. पेराने ठोकलं की भरीव वाजतं. बारीक आहे.

ज्याला दाखवायचं तो माणूस नाही, म्हणून मी नलूवहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "बाजारात ने. म्हातारी तर आता नसेलच. तिच्या जागी जी कुणी बसली असेल, तिला दाखव. तिने मागितलं तर तिच्या पदरात बी घाल." दिनेशला आता मिशा आणि दुकान दोन्ही आहेत, पण तो दुकान बंद ठेवून येतोय. सावंत जोडपं येतंय. कुलकर्ण्यांनी पाण्याचा दिवस बघून कळवतो म्हटलंय.

माझी यादी झाली आहे. तवशाला झोळी, बनियनच वापरलंय. पिशवी, सावंतांच्या कॅरिअरवर. डबे, चटणी, दाण्याचं कूट. शिट्टी कॅप्टनच्या मुलीने पाठवली, ती दिनेशच्या गळ्यात; तो मागे राहणार आहे. सगळ्यांवर खुणा झाल्या. फक्त माझ्या सायकलच्या मागच्या चाकात हवा भरायची राहिली आहे.