सलीमभाईंना पळपुटा म्हणणाऱ्यांनो

चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि दुपारी आपल्या ग्रुपच्या ऑनलाइन विमानयुद्धाच्या गेममध्ये बसलो. आता संध्याकाळ झाली तरी किळस जात नाहीये, म्हणून लिहितोय.

आज निघोज्याच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंचा आपल्या अ‍ॅडमिनशी सामना होता. अ‍ॅडमिनचं विमान हळू, पण जागच्या जागी वळणारं. भाईंचं जड आणि वेगवान. ते त्याच्या मागे वळत बसलेच नाहीत. वरून झेपावायचे, गोळ्या झाडायचे आणि त्याच वेगात पुन्हा उंचीवर निघून जायचे. तीन वेळा अ‍ॅडमिन पडला.

"ही लढाई नाही, हा पळपुटेपणा आहे," म्हणत त्याने भाईंना ग्रुपमधून काढलं. सगळे हसले. मीही हसरी इमोजी टाकली. हेच डावपेच मला भाईंनीच तासन्‌तास बसवून शिकवलेत.

नंतर फोन करून माफी मागितली. भाई शांतपणे म्हणाले, "राव, त्याच्याबरोबर वळत बसलो असतो तर मी हरलो असतो. त्याला वर यायला कुणी अडवलं होतं?"

अ‍ॅडमिनपेक्षा जास्त किळस मला माझीच येतेय. तुम्ही हसलात, तुम्हाला संध्याकाळचा चहा गोड लागला का?