सुखदेव मधात नव्हता

सुखदेवला श्रद्धांजली वाहायचा हक्क आमच्या दहावीच्या ग्रुपला नाही.

मला तर नाहीच.

तो जाऊन तीन दिवस झाले. फुलं, दिवे, जोडलेले हात. "दिलदार मित्र हरपला." "देवमाणूस." पुरे करा आता.

ज्यांना तो माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो.

सुखदेव आसेगावचा. दहावीपर्यंत माझ्या बाकावर. पुढे घरचा दीड एकर भाजीपाला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडायचं आणि मोटारसायकलवर बांधून बाजारात न्यायचं.

दमा त्याला शाळेपासून होता. ग्राउंडला दोन चकरा मारल्या की छाती वाजायची. बाकीचे विसरले असतील. मला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत प्रमोद पुण्याहून नवा टेंट घेऊन आला. "हॉटेल नको, या वेळी कॅम्पिंग करू."

मेडशीच्या पुढे एका तलावावर जायचं ठरलं. आम्ही पाच जण. सुखदेवला फोन सगळ्यात शेवटी केला, तोही मीच केला. कारण आमच्यात रोडगे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे कणकेचे गोळे, कोणालाच भाजता येत नव्हते.

तो आला. मळ्यातली वांगी, गोवऱ्यांचं पोतं आणि मागे बांधलेली भलीमोठी ताडपत्री.

प्रमोद हसला. "अबे सुखदेव, कोनाच्या लग्नाचा मांडव टाकतं?"

"आभाय पाह्य ना बे वर. पानी येते."

टेंट आम्ही लावला कोरड्या नाल्यात. खाली मऊ रेती होती ना!

गावात जन्मलेली पाच माणसं, आणि नाल्यात तंबू ठोकला. पंचवीस वर्षं नोकरी केली की पाणी नळातून येतं, एवढंच लक्षात राहतं.

"इथं नोका लावू," त्यानं दोनदा सांगितलं.

"तू रोडग्याकडं पाह्य," कोणीतरी म्हणालं. मी नाही म्हणालो. पण मी हसलो.

दुपारी चारच्या सुमारास पाऊस आला. बर्फासारखं थंड पाणी, वरून वारा. अर्ध्या तासात नाला टेंटखालून वाहू लागला. बॅगा, अंथरुणं, प्रमोदची ती महागाची स्लीपिंग बॅग, सगळं भिजलं. गाडी चिखलात रुतली.

तोवर सुखदेवनं वर, उंचवट्यावर, दोन बाभळींना ताडपत्री बांधली होती. वाऱ्याकडची बाजू जमिनीला टेकवून, वर दगड ठेवून. भोवती फावड्यानं चर काढला. आयुष्यभर वाफ्यात पाणी वळवलेला माणूस, पाणी बाहेर कसं ठेवायचं तेही त्याला कळत होतं. शेजारच्या शेतकऱ्याला हाक मारून सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, मागून आणलं, खाली वीतभर पसरलं.

"वले कपडे पयले काढा. पोत्यात पाय घाला. आन् एकमेकाले चिपकून पडा, लाजू नोका. कुटार टोचते, पन ऊब धरते."

रोडगेसुद्धा त्यानं भिजू दिले नव्हते. अंधार पडायच्या आत आम्ही गरम जेवलो.

मग आम्ही पाचही जण आडवे झालो.

सुखदेव भांडी झाकून आला. वाकून म्हणाला, "सरका ना बे थोडं."

कोणी हललं नाही.

"भाश्या, जागा हाय काय रे?"

भाश्या म्हणजे मी. कडेला होतो. जागा होतो. सगळे थोडे सरकलो असतो तर सहावा मावला असता. पण अंगात नुकतीच ऊब भरत होती. हललो असतो तर गार वारा आत आला असता.

एवढंच कारण. दुसरं काही नाही.

मी रोज देवापुढे बसणारा माणूस. तेव्हाही डोळे मिटून मनात नाम चालू होतं. नाम घेत घेत मी झोपेचं सोंग केलं.

"झोपले वाट्टे," तो स्वतःशीच म्हणाला.

सकाळी पाहतो तर बाभळीच्या बुडाशी बसलेला. डोक्यावर पोत्याची खोळ. ओठ निळे. श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

आम्हाला पाहून म्हणाला, "चाय ठेवू काय?"

आम्ही चहा प्यालो.

त्यामुळे तो गेला, असं मी म्हणत नाही. त्यानंतर तीन हिवाळे त्यानं काढले. दोनदा वाशीमला भरती झाला. तो दवाखाना माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

मी गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो?

आज सकाळी राख सावडायला आसेगावला गेलो. प्रमोदही आला होता. नंतर अंगणात बसलो. त्याची बायको, आमच्या वहिनी, ओसरीत होत्या.

प्रमोदला म्हणाल्या, "तुमच्या त्या क्यांपची गोष्ट लय सांगत. पानी होतं, थंडी होती, तं मित्राइनं मले मधात झोपवलं म्हने. सगळ्यात गरम जागा मलेच देल्ली म्हने."

प्रमोदनं मान हलवली. "हो ना वहिनी. सुखदेव म्हणजे आमचा जीव होता."

मला ते ऐकवलं नाही.

"नाही वहिनी. तो बाहेर होता. त्यानं जागा मागितली. मी सरकलो नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"मले माहीत हाय भाऊजी. त्याइचे कपडे म्याच पिळले. मधात झोपलेल्या मानसाची बंडी अशी निथळते काय?"

मग म्हणाल्या, "तुमच्यातला कोनी सांगते काय, थे पाहून राह्यली होती. तीन वर्स लागले तुमाले."

उठून आत गेल्या.

सुखदेव, घरी येऊन तुझ्या नावानं दिवा लावला. त्याच्यापुढे बसवलं नाही.

जा मित्रा. माझा नमस्कार.