देव्हाऱ्यातला पट्टा

वसईकडच्या निर्मळ गावी वाड्यांमध्ये माड उदंड आणि त्यांवर चढणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, अशी वेळ आली तेव्हा नरहरीने चढायचं यंत्र घेतलं. यंत्र कसलं, दोन पायांसाठी दोन लोखंडी पायऱ्या, आणि प्रत्येकीला झाडाभोवती आवळणारी तार. पाय उचलला की तार सैल, दाबला की घट्ट. जन्मभर पायात दोरीचं वेटोळं घालून चढलेला नरहरी पहिल्या दिवशी त्यावर उभा राहिला आणि त्याची बायको मालन खालून म्हणाली, "अहो, सायकल शिकताय का?" वाडीतल्या बायका पोट धरधरून हसल्या. मालनचं माहेर कामणकडचं, भातशेतीवाल्यांचं. तिच्या बोलण्यात सगळे 'ण' 'न' होऊन यायचे आणि सासरच्यांनी तीस वर्षं त्यावरून तिची टर उडवली होती. त्या दिवशी तिने सगळ्यांचं उट्टं काढलं.

यंत्राबरोबर एक निळा पट्टाही आला होता. कमरेला आणि मांड्यांना आवळायचा, आणि त्याच्या कडीतली दोरी झाडाभोवती फिरवून हुकात अडकवायची. पाय निसटला तरी माणूस लोंबकळतो, खाली येत नाही. हे सगळं शिकवायला पीटर सर यायचे. शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवायची खोड जाईना, म्हणून मुलांऐवजी आता बागायतदारांना शिकवत. त्यांचं एक वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. "पट्टा हा फटाक्यासारखा असतो, एकदाच वाजतो. एकदा झटका खाल्ला की संपला. कात्रीने कापून टाका, नाहीतर उद्या कुणीतरी विसरून तोच घालेल."

सहा वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, विहिरीवरच्या उंच माडावर नरहरीचा पाय निसटला. खोड ओलं होतं. मालनने खालून पाहिलं की नवरा वरून सुटला आणि हातभर खाली येऊन थांबला. पाव तास तो तिथे लोंबकळत होता. शिडी येईपर्यंत मालनने एक देव हाक मारायचा बाकी ठेवला नाही. खाली उतरल्यावर त्याने पाणी मागितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं जो तो म्हणाला.

संध्याकाळी पीटर सर आले. नरहरीला मिठी मारली, पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मालनकडे कात्री मागितली. मालनने चहा आणला.

"वहिनी, कात्री."

"सर, ज्यानं माझं कुंकू राखलं त्याच्यावर कात्री चालवू? मला नाय जमनार."

"राखलं म्हणूनच चालवा. आता त्याच्यात राखायला काही उरलेलं नाही."

नरहरी मध्ये पडला. उद्या कापतो म्हणाला. आठ दिवसांनी सरांनी फोन केला तेव्हा "कापला हो सर, तुकडे तुकडे केले," असंही ठोकून दिलं. पट्टा तेव्हा देव्हाऱ्यात होता, कुलदेवीच्या टाकाशेजारी, नीट घडी घालून. पुढे दर खंडेनवमीला कोयते, खुरपी, यंत्र यांची पूजा व्हायची, पण पहिला मान पट्ट्याचा. झेंडूची माळ, हळद, कुंकू. मालनचं बोट दर वर्षी एकाच जागी टेकायचं, कडीजवळ, जिथून तिचा नवरा लोंबकळला होता.

यात तिचं काय चुकलं? गाय म्हातारी झाली तर आपण तिला हाकलून देत नाही. ज्याने एकदा तारलं ते दुसऱ्यांदाही तारेल, असंच आपण सगळे धरून चालतो. लोखंड आणि दोरा असं धरून चालत नाहीत, एवढंच.

त्या प्रसंगानंतर नरहरीने चढणं सोडलं आणि यंत्र मुलाकडे, केयूरकडे गेलं. केयूर आठवडाभर कामणच्या एका गोदामात माल तपासायचा आणि रविवारी वाड्यांमधले नारळ उतरवायचा. हसरा, कुणाला नाही म्हणता न येणारा मुलगा. त्याने स्वतःसाठी नवा लाल पट्टा घेतला होता. चढायच्या आधी तो त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवायचा, सर सांगायचे तसा.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी घरात मालन आणि केयूर दोघंच होते. नरहरी फुलं घेऊन वसईच्या बाजारात गेला होता. सून सलोनी चार वर्षांच्या ऋतिकाला घेऊन माहेरी गासला होती, भावाच्या साखरपुड्याच्या तयारीला. केयूर ओट्यावर उभा राहून लाल पट्टा बांधत होता.

"आज कुठल्या झाडावर?" मालनने विचारलं.

"आपल्याच विहिरीवरच्या."

मालनने हातातलं काम टाकलं. ती आत गेली, देव्हाऱ्यासमोर हात जोडले आणि निळा पट्टा घेऊन बाहेर आली.

"हा घाल."

"आई, हा कापायचा होता. बाबांनी कापला म्हणून सांगितलंय सरांना."

"सरांचं सर जानोत. तुझा हा नवा कोनी पारखलाय? दुकानातनं आनला नि खुंटीला लावला. ह्यानं तुझ्या बापाला त्याच झाडावर धरून ठेवलं. मी खाली जीव मुठीत धरून उभी असते रे. माझ्यासाठी घाल."

केयूरने तिच्याकडे पाहिलं. मग हसला. अर्धा बांधलेला लाल पट्टा सोडला, खुंटीला अडकवला. "बरं बाई. आण तुझा देव, फिरवून आणतो."

माडाच्या शेंड्याशी लांबच्या घडाला कोयता पोचेना म्हणून तो पट्ट्यावर भार टाकून मागे रेलला आणि पट्टा तुटला. एवढंच झालं. खाली मालन होती.

पुढचं सांगवत नाही आणि सांगायला फारसं नाहीही. पीटर सर धावत आले. त्यांनी पट्टा उचलला, कडीजवळचं कुंकू रुमालाने पुसलं. त्याखालचे शिवणीचे धागे जुनेच तुटलेले होते, नरहरी लोंबकळला त्या दिवसापासूनचे. तीन खंडेनवम्यांच्या हळदीकुंकवाने ते झाकून टाकले होते. सरांनी पट्टा तिथेच ठेवला आणि बागेत जाऊन केळीकडे तोंड करून उभे राहिले.

सलोनी गासहून आली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "हा पट्टा कुणी दिला त्याला?"

मालनने तोंड उघडलं होतं, हे खरं. पण तिच्या आधी नरहरी बोलला. "कोण देणार? त्यानंच घेतला असेल. नवा बघ ना, खुंटीवर तसाच आहे."

सगळ्यांच्या माना खुंटीकडे वळल्या. लाल पट्टा तिथे लोंबत होता, जणू केयूरनेच लिहून ठेवलेला कबुलीजबाब. मालनने तोंड मिटलं. उद्या सांगू म्हणाली मनाशी. मग दहावा झाला, तेरावा झाला, वर्षश्राद्ध झालं. जी गोष्ट पहिल्या दिवशी जिभेवर मावते ती महिन्याभराने तोंडात मावत नाही. आणि सांगून काय होणार होतं? सलोनी घर सोडून जाणार, नात जाणार. मुलगा गेलेल्या बाईकडे दुसरं होतंच काय? मालन मूग गिळून बसली.

मेल्या म्हशीला मणभर दूध असं म्हणतात. केयूरच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. गाव म्हणालं, बेफिकीर होता. कुणी म्हणालं, देवाची वस्तू न विचारता उचलली, दुसरं काय होणार. आणि सगळे शेवटी एकाच वाक्यावर यायचे, कुणाचं ऐकलं नाही त्याने. मालन हार गुंफता गुंफता हे सगळं ऐकायची आणि सुई बोटात घुसली तरी वर बघायची नाही.

सर्वांत जास्त रागावली ती सलोनी. तिचा राग मोठा होता कारण प्रेम मोठं होतं, हे न कळायला मालन काही दूधखुळी नव्हती. घरात रोज दोन टोपल्या सोनचाफा विक्रीला निघायचा, पण सलोनीने त्यातलं एक फूल कधी केयूरच्या फोटोला वाहिलं नाही. उलट फोटोसमोर उभी राहून विचारायची, "नवा होता ना घरात? होता ना? मग?" फोटो काय बोलणार. वर्षश्राद्धाला नरहरी हार घालायचा, तेवढाच. मालन कधी फूल घेऊन जायची, पण तिचा हात तिथवर पोचायचा नाही.

गेल्या वर्षी सलोनीने पीटर सरांकडे नाव घातलं. मला चढायला शिकवा म्हणाली. गावाने कपाळावर हात मारून घेतला. "झाडानं नाही मारलं त्याला," ती म्हणाली, "हलगर्जीपणानं मारलं. मी दाखवते कसं चढायचं ते." आणि दाखवलं तिने. आता निर्मळच काय, माहेरच्या गासपर्यंत लोक तिला बोलावतात. खुंटीवरचा लाल पट्टा तिने सरांना दाखवून घेतला, मगच वापरायला काढला. चढायच्या आधी ती ओट्यावर बसून त्याची शिवण न् शिवण तपासते, आणि शेजारी ऋतिकाला बसवते. पोरीला धडा मिळावा म्हणून.

परवा शनिवारी दुपारी अशाच दोघी बसल्या होत्या. मालन पलीकडे सोनचाफ्याचे हार करत होती. सात वर्षांची ऋतिका पट्ट्यावरून इवलासा अंगठा फिरवत होती आणि पाढे म्हणावेत तशी म्हणत होती,

"शिवण बघितली. कडी बघितली. हूक बघितला. बाबांनी बघितलं नव्हतं, म्हणून बाबा पडले. बाबांनी कुणाचं ऐकलं नाही."

"शाब्बास," सलोनी म्हणाली.

मालनच्या मांडीवरचा हार खाली पडला. तीन वर्षं तिने गावाचं ऐकलं होतं, सुनेचं ऐकलं होतं. पण ही त्याची लेक होती. ही मोठी होणार, तिला पोरं होणार, आणि त्यांनाही ती हेच शिकवणार.

"सलोनी," ती म्हणाली, "तो पट्टा मी दिला त्याला."

सलोनीला आधी कळलंच नाही. "कुठला?"

"निळा. देव्हाऱ्यातनं मी काढला. तो नको म्हनाला होता. सर कापायला सांगून गेलेत म्हनाला. मी म्हनलं माझ्यासाठी घाल."

नरहरी केळीचा घड खांद्यावर घेऊन येत होता, तो पायरीशी थबकला. घड खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

सलोनीने एकच प्रश्न विचारला. "लाल त्यानं बांधला होता?"

"अर्धा बांधला होता. मी सोडायला लावला."

मालनला वाटलं होतं, ती ओरडेल, अंगावर येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सलोनी बसल्या जागी लाल पट्ट्याची घडी घालत राहिली. उलगडायची, पुन्हा घालायची.

"तीन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, आई," ती अखेर म्हणाली. "फोटोसमोर उभी राहून घातल्या. तुम्ही इथंच बसलेल्या असायच्या. ऐकत होतात."

"हो," मालन म्हणाली.

सलोनी आत गेली. कपाटं उघडल्याचे, पिशवीत कपडे कोंबल्याचे आवाज आले. नरहरीने घड ठेवला आणि खालच्या पायरीवर बसला. "मीच सरांना खोटं सांगितलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. वाटून घेतल्याने अर्धं होईल असं ते नव्हतं.

सलोनी बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती. ती टोपलीशी वाकली. वरची फुलं बाजूला सारून तिने तळातून एक पुरतं न उमललेलं सोनचाफ्याचं फूल निवडलं आणि पुन्हा आत गेली. दारातून मालनला तिची पाठ दिसत होती. फूल फोटोच्या चौकटीवर ठेवून ती थोडा वेळ काचेला कपाळ टेकून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. काय बोलली ते ऐकू आलं नाही, आणि ऐकायचा आपल्याला हक्क नाही हे मालनला कळत होतं.

मग सलोनीने स्कूटर काढली. "गासला जातो," एवढंच नरहरीकडे बघून म्हणाली. किती दिवसांसाठी, ते कुणी विचारलं नाही.

ऋतिका स्कूटरवर पुढे उभी राहिली होती. तिच्या कपाळावर आठी होती. पाठ केलेलं काहीतरी चुकलंय आणि कुठे ते कळत नाही, असं तिचं झालं होतं. स्कूटर फाटकाशी पोचली तेव्हा तिने मान वळवली.

"आज्जी, म्हणजे बाबांनी ऐकलं होतं?"

"हो गं बाय," मालन म्हणाली. "ऐकलं होतं त्यानं. माझं ऐकलं."

ऋतिकाने मान डोलावली आणि पुढे बघितलं. सलोनीने फाटक पायाने ढकललं आणि स्कूटर गासच्या रस्त्याला लागली.