हौ म्हण, मग उघडते

आधीच सांगून टाकते, मी त्यातली नाही. आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते, लिंबू-मिरची कधी टांगली नाही. मावशी अंगात येण्याच्या गोष्टी सांगायला लागली की मी खी खी करून हसायचे आणि आईच्या शिव्या खायचे. शिवाय मी मेकॅनिकलची पोरगी. काही हललं तर आधी मोटर बघायची, बेल्ट बघायचा... भूत शेवटी. तरी हे लिहिते आहे. माझी मराठी घरची आहे, शिक्षण सगळं हिंदीत, सांभाळून घ्या.

बालाघाटच्या बाहेर, गोंदिया रोडला आमचं कॉलेज आहे. खाली मेकॅनिकल डिप्लोमाचा वर्कशॉप, वरच्या मजल्यावर बीबीएचे वर्ग. बाबांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच — वर जा. ते मलाजखंडला तांब्याच्या खदानीत, ठेकेदाराकडे सुपरवायझर आहेत. मशीनमध्ये एकाचा हात गेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. "पोरीनं ऑफिसात बसावं, पंख्याखाली," हे त्यांचं ठरलेलं. मी दोन दिवस जेवले नाही तेव्हा कुठे मेकॅनिकलला नाव टाकलं. वर्गात मी एकटीच मुलगी, पण लेथवर माझा हात सगळ्यांत साफ! फुशारकी नाही, सरच म्हणायचे. लोखंडाची चकचकीत साल निघायला लागली की मला जेवणखाण आठवायचं नाही. माझं आयुष्य त्या मशीनवर आहे हे मला पक्कं माहीत होतं.

त्या दिवशी शनिवार, एप्रिलचं भर दुपारचं ऊन. वर बीबीएवाल्यांचा मॅनेजमेंट फेस्ट चालू — स्टॉल, भाषणं आणि मरणाचा डीजे. सरांनी सगळ्यांना "चलो, बाहर" म्हणून हाकललं. मी अगदी मागे, कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात घासत होते. तेवढ्यात मेन स्विच खाली पडला आणि खर्रर्र करून शटर आलं. बाहेरून ताला लागल्याचा आवाजही ऐकला. मी ओरडत पळाले, पण डीजेत कोण ऐकणार! फोन बाहेर रॅकवर, बॅगेत. वर्कशॉपमध्ये फोन, अंगठी, बांगडी, ओढणी काहीच चालत नाही.

सुरुवातीला हसू आलं. मग शटर बडवून हात लाल झाले. पंखे बंद. उजेड फक्त वरच्या जाळीतून. शटर इतकं तापलं होतं की कान लावता येईना. घामाने एप्रन अंगाला चिकटला, आणि श्वास... खरं सांगते, मला वाटलं आता मी इथेच पडणार आणि सोमवारी सापडणार.

तेव्हा बाहेरून आवाज आला. "काय झालं वो माय? काहून बोंबलून राह्यली?"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं झाडूवाली बाई. म्हटलं, "मावशी, मी अटकली इथं. सरले बोलवा ना."

"सरले कायले? मीच उघडते. पण तू मशीन सोड."

"कोणती मशीन?"

"तुह्या मागं आहे ते. सोड अन् वर जाऊन बस. हौ म्हण, मग उघडते."

मी म्हटलं, "मजाक नका करू मावशी, जीव चालला माहा." तशी माझ्या पाठीमागे घर्रर्र आवाज झाला. वळून पाहिलं तर माझ्या लेथचं चक, लोखंड धरून ठेवतं ते, फिरत होतं. हळूहळू, कोणी हाताने फिरवावं तसं. गिअर न्यूट्रलला असला की हाताने फिरतंच ते. पण हात कोणाचा?

चक थांबलं. आवाज पुन्हा आला, रागावलेला नाही, अगदी समजावणीचा. "हौ म्हण ना वो बाई."

"नाही म्हणत!" मी किंचाळले. चक पुन्हा फिरलं. मी नाही म्हणायची आणि ते फिरायचं. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी मी शटरपाशी खाली बसले, रडत रडत म्हटलं, "हौ. सोडली. सोडली मशीन."

शटर हातभर वर गेलं. मी सरपटत बाहेर आले. लांबलचक व्हरांडा, लख्ख ऊन... आणि कोणी नाही. पळून जायला जागाच नाही तिथे. मागे शटर धाडकन पडलं.

वर धावत गेले, फेस्टमधून सरांना ओढून आणलं. शटरला ताला जसाच्या तसा. चावी सरांच्या खिशात. सर म्हणाले, "तू अंदर थी ही नहीं." उघडलं तर रडताना काढलेला माझा चष्मा शटरच्या आत, मी बसले होते तिथेच पडलेला आणि चकमध्ये माझा जॉब, अर्धवट कातलेला लोखंडाचा तुकडा. सरांनी घाईने शटर पुन्हा खाली ओढलं. म्हणाले, "किसी को मत बोलना, मेरी नौकरी जाएगी."

नंतर डोक्यात आलं... त्या डीजेत तो हळू आवाज मला इतका साफ कसा ऐकू आला? आणि आमची झाडूवाली तर मराठी बोलतच नाही. कॉलेजात माझ्याशी आमच्या घरच्या भाषेत कोणीच बोलत नाही. बाबा त्या दिवशी मलाजखंडला ड्युटीवर होते. आईचा आवाज मी ओळखणार नाही का?

तरी मी सोमवारी गेले. म्हटलं, घाबरून दिलेला शब्द कसला पाळायचा! पण लेथसमोर उभी राहिले की श्वास कोंडायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. रोज तेच. शेवटी वर्ष वाया घालवून बीबीएला नाव टाकलं. बाबांनी पेढे वाटले. "अक्कल आली पोरीले," म्हणाले. त्यांना मी आजवर काही सांगितलं नाही.

आता मी त्या वर्कशॉपच्या बरोबर वर बसते. खाली मशीन चालू झाल्या की बाक थरथरतो. मार्केटिंगचा तास चाललेला असतो आणि मी आवाजावरून ओळखते, कोणी टूल चुकीचा लावला. घुसमटून जाते नुसती.

माझ्या लेथवर बैहरची सरोज आली. परवा पेढे घेऊन वर आली, खदानीच्या वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला निवड झाली तिची. मी विचारलं, "तुला तिथे कधी... कोणी काही बोललं?"

"कौन बोलेगा दीदी?" ती हसली. "मैं तो लंच में शटर गिराकर अकेली बैठती हूँ. बढ़िया शांति रहती है."

त्या लेथवर आजवर कोणाला साधं खरचटलंही नाही. काही झालं असतं तर निदान कळलं असतं, असं मनात येतं आणि स्वतःचीच लाज वाटते. मला राग येतो, खूप राग येतो. ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरूर लिहा. फक्त "तुला वाचवलं" असं लिहू नका. कशापासून, ते आधी सांगा.